फायर एनओसी आली तरी बाहेरच्या भिंतीचा प्रश्न सुटत नाही

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: ठाण्यातली चार मजली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. नवा टॉवर २२ मजल्यांचा होणार. बिल्डरने दाखवलेल्या एलिव्हेशनमध्ये (दर्शनी बाजूच्या चित्रात) एसीपीचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचे, उभे पट्टे आहेत, लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या आहेत, बाल्कन्यांना फोमचं मोल्डिंग आहे आणि गच्चीवर सजावटीचा मुकुट आहे. विचारणाऱ्या काकांची मुलगी लंडनला असते. तिच्या इमारतीच्या क्लॅडिंगमुळे (बाहेरच्या भिंतीवर चढवलेल्या आवरणामुळे) तिला फ्लॅट विकता येईना, म्हणून चित्र बघताच तिने घरच्यांना सावध केलं. बिल्डरचं म्हणणं, ‘फायर एनओसी (अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र) येणारच आहे, मग काळजी कसली?’ काकांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडे याबद्दल सरकारी नियम आहे का, आणि सोसायटीने नेमकं काय मागावं?

काका, उंच इमारतींचे फसाड (बाहेरचे दर्शनी भाग) आणि त्यांची अग्निसुरक्षा हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं. नियम आहेत. पण लंडनमध्ये आता जशी स्पष्ट बंदी आहे, म्हणजे अमुक उंचीवरच्या रहिवासी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीत जळणारं साहित्य चालणारच नाही, तशी सरसकट बंदी आपल्याकडे नाही. आणि फायर एनओसीचा सगळा भर पंप, हायड्रंट, स्प्रिंकलर, जिने, रिफ्यूज एरिया (आगीत थांबायची सुरक्षित जागा) आणि अग्निशमन दलाची गाडी फिरायला मोकळी जागा यांवर असतो. एसीपीच्या आत काय भरलंय हे त्या कागदावरून कळत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागेल, आणि डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटवर सही होण्याआधी विचारावं लागेल.

आता एसीपी म्हणजे काय ते बघू. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये साधारण ३ मिमीचा गाभा, ज्याला आम्ही कोअर म्हणतो. एकूण जाडी ४ मिमी. पत्रा कुठल्याही कंपनीचा घ्या, सारखाच चकाकतो. आगीत काय होणार ते कोअर ठरवतो. स्वस्त पॅनेलमध्ये हा कोअर शुद्ध पॉलिथिलीनचा असतो, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीचंच साहित्य. एक चौरस मीटर पॅनेलमध्ये असं सुमारे पावणेतीन किलो प्लास्टिक बसतं. ते पूर्ण जळलं तर जवळपास साडेतीन-चार लिटर पेट्रोलइतकी उष्णता बाहेर पडते. तुमच्या चित्रातला एक पट्टा दीड मीटर रुंद आणि ६० मीटर उंच धरला तर तो ९० चौरस मीटरचा झाला. हिशोब तुम्हीच करा. दुसऱ्या प्रकारात, ज्याला बाजारात एफआर (फायर रिटार्डंट, आग मंदावणारा) म्हणतात, साधारण ७० टक्के खनिज पूड असते आणि बाकी प्लास्टिक. तिसरा ए२ प्रकार, त्यात ९० टक्क्यांच्या वर खनिज. बाहेरून तिन्ही एकसारखे दिसतात.

ब्रिटनची गोष्ट सांगतो, कारण ‘नियम आहेत ना’ या वाक्यावर विसंबलं की काय होतं ते तिथे उघडं पडलं. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमधल्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली. इमारत २४ मजल्यांची, १९७४ मध्ये पूर्ण झालेली, भक्कम काँक्रीटची. अशा इमारतीत एका घरातली आग त्या घरातच राहायला हवी, आणि जवान ती विझवायला आतही पोहोचले होते. पण तोवर आग खिडकीच्या चौकटीच्या कडेने बाहेर पडून क्लॅडिंगला लागली होती. तिथून सुमारे वीस मिनिटांत ती माथ्यावर गेली. ७२ माणसं गेली. इमारतीला जिना एकच होता, स्प्रिंकलर नव्हते, आणि ‘घरातच थांबा’ हा सल्ला अडीच वाजून गेल्यावर मागे घेतला गेला.

हे क्लॅडिंग मूळ इमारतीचं नव्हतं. २०१६ मध्ये संपलेल्या नूतनीकरणात ते लावलं गेलं. आधी जस्ताचे पॅनेल ठरले होते. पैसे वाचवण्यासाठी त्यांच्या जागी पॉलिथिलीन कोअरचे एसीपी आले आणि जवळपास ३ लाख पौंड वाचले. पॅनेलच्या मागे पीआयआर फोमचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), तेही जळणारं. दोघांच्या मध्ये पोकळी, जी आगीला वर खेचते.

आणि वरचा मुकुट. या आगीच्या सरकारी चौकशीच्या पहिल्या अहवालाने (ऑक्टोबर २०१९) यावर नेमकं बोट ठेवलं आहे. इमारतीच्या माथ्यावर सजावटीसाठी एसीपीच्या पट्ट्यांची कड होती. आग उभी वर गेली, त्या कडेला लागली आणि कडेने आडवी फिरत चारही बाजूंना पोहोचली. मग वितळतं, जळतं प्लास्टिक खाली ठिबकत गेलं आणि खालचे भाग नव्याने पेटले. तुमच्या चित्रात गच्चीवर जो मुकुट आहे, त्याचं साहित्य काय, हा माझा पहिला प्रश्न असेल.

आता नियमांचं बघा. इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये तेव्हाही स्पष्ट लिहिलेलं होतं की बाहेरच्या भिंतीने आगीच्या फैलावाला पुरेसा प्रतिकार केला पाहिजे. चौकशीने ग्रेनफेलची भिंत या नियमात बसत नव्हती असाच निष्कर्ष काढला. म्हणजे नियम होता. पण ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे सांगणारी सरकारी मार्गदर्शिका ‘क्लास झिरो’ या वर्गावर अडकली होती. क्लास झिरो बीएस ४७६ या ब्रिटिश मानकाच्या भाग ६ आणि ७ या चाचण्यांवरून ठरायचा. या चाचण्यांमध्ये पृष्ठभागावर ज्वाळा किती पसरतात आणि पृष्ठभाग आगीत किती उष्णतेची भर घालतो ते बघतात. वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असेल तर पृष्ठभाग पास होतो. आतलं प्लास्टिक तसंच राहतं.

हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही. १९९९ मध्ये स्कॉटलंडमध्ये गार्नॉक कोर्ट या उंच रहिवासी इमारतीच्या बाहेरच्या बाजूने आग चढली होती. त्यानंतर सरकारने मोठ्या प्रमाणावरच्या चाचण्या करून घेतल्या. २००१ च्या चाचणीत पॉलिथिलीन कोअरचं पॅनेल भडकून जळलं. ते पॅनेल क्लास झिरोत बसणारं होतं. निकाल जाहीर झाला नाही आणि मार्गदर्शिकाही बदलली नाही. २००९ मध्ये लंडनच्याच लॅकनल हाउसमध्ये ६ जण गेले. मार्गदर्शिका सुधारा, असं २०१३ मध्ये कॉरोनरने (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने) सांगितलं. तेही रेंगाळलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्रेनफेल चौकशीचा अंतिम अहवाल आला, त्यात सरकार आणि बांधकाम उद्योग या दोघांच्याही काही दशकांच्या अपयशाचा पाढा आहे. नियम कमी करण्याच्या राजकीय धोरणाने जिवाच्या सुरक्षिततेचे विषयसुद्धा मागे पडले, आणि साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांबाबत पद्धतशीर अप्रामाणिकपणा केला, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. मी तो अहवाल कामासाठी म्हणून वाचायला घेतला होता. वाचताना सर्वात जास्त टोचलं ते हे, की आर्किटेक्ट, ठेकेदार, क्लॅडिंग बसवणारा, सल्लागार, नगरपालिकेचा तपासनीस, यांतल्या प्रत्येकाला वाटत होतं की साहित्य दुसऱ्याने तपासलंय.

दुर्घटनेनंतर ब्रिटिश सरकारने २०१७ च्या उन्हाळ्यात पूर्ण भिंती उभारून त्यांच्या चाचण्या केल्या. पॉलिथिलीन कोअरच्या भिंती नऊ मिनिटांच्या आत बंद कराव्या लागल्या, मागे न जळणारं रॉकवूल (दगडाच्या तंतूंचं इन्सुलेशन) असूनसुद्धा. एफआर कोअर रॉकवूलबरोबर पास झाला, पण तोच एफआर कोअर पीआयआर फोमबरोबर नापास झाला. ही एक ओळ मी प्रत्येक बिल्डरला वाचून दाखवतो. पॅनेल एकटं चांगलं असून भागत नाही. पॅनेल, मागची पोकळी, इन्सुलेशन आणि मजल्यामजल्यावरचे फायर स्टॉप (आग अडवणारे अडथळे) यांची मिळून परीक्षा असते.

मग बंदी आली. २१ डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच नव्या रहिवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत ए१ किंवा ए२-एस१,डी० याच वर्गाचं साहित्य, अशी अट लागू झाली. थोडेच अपवाद आहेत. या खुणांचा अर्थ सांगतो, कारण तुम्हाला त्या रिपोर्टवर दिसतील. पहिलं अक्षर जळण्याचा वर्ग सांगतं, ए१ सर्वात सुरक्षित. ‘एस’ धुराचं प्रमाण आणि ‘डी’ जळते थेंब पडतात का ते. ‘डी०’ म्हणजे थेंब नाहीत. २०२२ मध्ये पॉलिथिलीन कोअरच्या पॅनेलवर कुठल्याही उंचीच्या, कुठल्याही नव्या इमारतीसाठी बंदी आली. त्याच वर्षी बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट झाला. १८ मीटर किंवा ७ मजल्यांवरच्या रहिवासी इमारतींसाठी वेगळा नियामक आला. बांधकाम सुरू करायच्या आधी आणि लोक राहायला यायच्या आधी त्याची मंजुरी लागते, आणि जबाबदार माणसं नावानिशी ठरवावी लागतात. मंजुऱ्यांना फार उशीर होतो अशी तिथल्या बिल्डरांची तक्रार आहे आणि ती खरीही आहे. तरी मला ही व्यवस्था पटते. उशिरा मिळालेल्या फ्लॅटचं भाडं भरून काढता येतं.

तुमच्या मुलीची अडचण यातूनच आली आहे. फ्लॅट विकताना बँक ईडब्ल्यूएस१ नावाचा फॉर्म मागते. बाहेरच्या भिंतीत काय आहे आणि ते दुरुस्त करावं लागेल का, हे तज्ज्ञाने तपासून त्यात सही करून द्यायचं असतं. २०१९ च्या अखेरीस हा फॉर्म आला तेव्हा तपासणारे कमी आणि इमारती हजारो, त्यामुळे लाखो माणसं स्वतःच्याच घरात अडकली. क्लॅडिंग काढायचा खर्च सुरुवातीला फ्लॅटधारकांच्या माथी येत होता. २०२२ च्या कायद्याने बऱ्याच जणांना त्यातून संरक्षण दिलं आणि सरकारने व बिल्डरांनी पैसे घालायला सुरुवात केली. आपल्याकडे अशी कुठलीही सोय नाही. इमारत सोसायटीच्या ताब्यात आली की क्लॅडिंग सोसायटीचं, आणि ते बदलायचा खर्चही सोसायटीचा.

आता आपल्याकडचं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ मध्ये अग्निसुरक्षेचे नियम आहेत. १५ मीटर आणि त्यावरची इमारत त्यात उंच धरली जाते. कोड मुळात मार्गदर्शक आहे, राज्याने किंवा महापालिकेने स्वीकारला की बंधनकारक होतो. महाराष्ट्राची स्थिती त्या मानाने बरी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा २००८ पासून लागू आहे आणि तो मालक, भोगवटादार, बिल्डर यांच्यावर कोडमधले अग्निसुरक्षेचे उपाय पाळण्याची जबाबदारी टाकतो. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म ‘ब’ घेऊन अग्निशमन दलाला द्यायचा असतो. पण त्या प्रमाणपत्राचा अर्थ बसवलेल्या यंत्रणा चालू स्थितीत आहेत, एवढाच. भिंतीला काय चिकटवलंय याच्याशी त्याचा संबंध येत नाही.

कोडमध्ये साहित्याबद्दल काहीच नाही असं मात्र समजू नका. आतल्या पृष्ठभागांचे ज्वाळा पसरण्याच्या वेगावरून चार वर्ग केले आहेत आणि सर्वात वाईट, चौथा वर्ग स्वयंपाकघर, पॅसेज, जिना अशा जागी चालत नाही. तेव्हा लिफ्ट लॉबीला पीव्हीसीचे पॅनेल लावायचा बेत असेल तर तिथेच थांबवा. काचेच्या फसाडबद्दलही तरतुदी आहेत. स्लॅबची कड आणि काच यांच्यातली फट आगरोधक साहित्याने बंद हवी, आणि बाहेरून आत शिरायला उघडणारे पॅनेल ठरावीक अंतरावर हवेत. २०१४ मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत अग्निशमन दलाचा एक जवान गेला, तेव्हा बंद काचांच्या इमारतीत जवानांना काय भोगावं लागतं ते मुंबईने बघितलं. एसीपीसाठी भारतीय मानकही आहे, आयएस १७६८२, २०२१ चं. त्यामुळे ‘आपल्याकडे स्टँडर्डच नाही’ हे उत्तर कोणाकडून ऐकून घेऊ नका. तुटतंय ते पुढे. एकाने मानक लिहिलं, दुसऱ्याने एनओसी दिली, तिसऱ्याने नकाशे मंजूर केले, चौथ्याने माल आणला, आणि वर चढलेल्या पॅनेलचा कोअर कोणता हे बघायचं काम कोणाच्याच तक्त्यात लिहिलेलं नाही.

माझं मत विचाराल तर राज्य सरकारने मोठा कायदा करायची गरज नाही. एक साधी अट पुरेल: १५ मीटरवरच्या रहिवासी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीत ए१ किंवा ए२ सोडून काही नको, आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या अर्जाबरोबर कोअरचा रिपोर्ट व बसवणाऱ्याची सही हवी. वर्ग स्पष्ट असला की वाद घालायला जागा राहत नाही. ‘पुरेसा प्रतिकार’ अशा शब्दांत इंग्लंडची वीस वर्षं गेली.

हे होईपर्यंत तुमच्या टॉवरपुरतं बोलू. आपल्या इमारती लंडनपेक्षा एका बाबतीत सुरक्षित आहेत. आरसीसीचा सांगाडा, ब्लॉकची भिंत, वर प्लास्टर. थंडीसाठी फोम गुंडाळायची आपल्याला गरज पडली नाही. (पुढे पडेल. घरांसाठीच्या इको-निवास संहितेमुळे भिंतीतून येणारी उष्णता कमी करायचा आग्रह वाढतो आहे. तो योग्यच आहे, पण तेव्हा थर्माकोलऐवजी रॉकवूल वापरलं जातं का, हे बघावं लागेल.) आपण क्लॅडिंग लावतो ते शोभेसाठी, आणि तेही उभ्या पट्ट्यांत. धोका इथेच आहे. दुबईच्या टॉर्च टॉवरला २०१५ आणि २०१७ अशी दोनदा आग लागली आणि दोन्ही वेळा ती बाहेरच्या क्लॅडिंगवरूनच वर-खाली पळाली. तळापासून माथ्यापर्यंत न तुटणारा पट्टा म्हणजे आगीला जिनाच. तुमच्या चित्रातला एक पट्टा स्वयंपाकघरांच्या ड्राय बाल्कनीला लागून जातो असं दिसतंय. तिथे गॅस, गिझर, वॉशिंग मशीन, एसीचा आउटडोअर युनिट. तो पट्टा मी आधी काढायला सांगेन.

फोमचं मोल्डिंग म्हणजे आत थर्माकोल आणि वर सिमेंटी लेप. लेपाला तडा गेला की आत आग शिरते. त्याऐवजी जीआरसी (काचतंतू मिसळलेलं काँक्रीट) घ्या किंवा सरळ प्लास्टरमध्ये काढा. लाकडासारख्या पट्ट्या बहुधा एचपीएल (रेझिनमध्ये दाबलेले कागदाचे थर) किंवा डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक) असतील. त्याऐवजी लाकडी फिनिशचं पूर्ण अ‍ॅल्युमिनियम मिळतं. डक्ट (पाइप-वायरींसाठीची उभी पोकळ जागा) झाकायला पीव्हीसीची जाळी लावतात, तिथेही तेच. गच्चीचा मुकुट पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्याचा किंवा आरसीसीचा करता येतो.

आता तपासणी. बिल्डर तुम्हाला ब्रोशर देईल. त्यावर ‘फायर रेटेड, बीएस ४७६ क्लास झिरो’ किंवा ‘एएसटीएम ई८४ क्लास ए’ असं ठळक छापलेलं असेल. पहिली चाचणी तीच, जिने ब्रिटनला फसवलं. दुसरीही पृष्ठभागावर ज्वाळा किती पसरतात तेच बघते. यातल्या कुठल्याही ओळीवर उंच इमारतीचं क्लॅडिंग मान्य करू नका. ईएन १३५०१-१ या युरोपीय मानकाप्रमाणे वर्ग मागा आणि तो ए२-एस१,डी० असावा. त्याबरोबर पूर्ण भिंतीच्या चाचणीचा रिपोर्ट मागा, ब्रिटिश बीएस ८४१४ किंवा अमेरिकी एनएफपीए २८५. रिपोर्ट उघडून चार गोष्टी जुळवा: पॅनेलचं नाव, कोअरची जाडी, मागे कोणतं इन्सुलेशन होतं, आणि कसं बसवलं होतं, रिव्हेट करून की दुमडून डब्यासारखं. ग्रेनफेलवर दुमडलेला, कॅसेट प्रकार होता. त्याच पॅनेलचा तो प्रकार चाचणीत रिव्हेटच्या प्रकारापेक्षा कितीतरी वाईट जळला होता, आणि बाजारात मात्र दोघांसाठी एकच प्रमाणपत्र फिरत होतं.

साइटवर माल आला की तुकडा कापायला लावा आणि कड बघा. पॉलिथिलीनचा कोअर रबरासारखा लवचिक असतो, नख रुततं, ब्लेडने सालपट निघतं. ए२ चा कोअर खडूसारखा, पूड सुटणारा, वाकवला तर तुटणारा. रंगावर जाऊ नका, काळा-पांढरा-राखाडी सगळं मिळतं. वजन करा: दोन्ही बाजूंना अर्धा मिमी पत्रा असलेलं ४ मिमीचं पॉलिथिलीन पॅनेल चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास भरतं, खनिज कोअरचं साडेसात किंवा अधिक. एफआर म्हणून आलेलं पॅनेल साडेपाच किलो भरलं तर तो लॉट खाली उतरवूच नका. संरक्षक फिल्मवर ‘एफआर’ छापलंय याला काही अर्थ नाही. एका मोठ्या साइटवर पहिल्या गाडीत बरोबर माल होता आणि तिसऱ्या गाडीपासून हलका, फिल्म मात्र तीच. वजनकाट्यावर ते सापडलं, नाहीतर सगळं वर चढलं असतं. हे सगळं संशय घ्यायला पुरेसं आहे, खात्रीसाठी प्रत्येक लॉटचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. खर्च टॉवरच्या मानाने नगण्य असतो.

डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये हे कसं आणायचं? साहित्याच्या यादीत ‘एसीपी क्लॅडिंग, अमुक मेक किंवा तत्सम’ असं असेल. यातलं ‘किंवा तत्सम’ खोडा. जस्ताच्या जागी पॉलिथिलीन येतं ते याच दारातून. त्याऐवजी लिहा की बाहेरच्या भिंतीवरचं, मुकुटावरचं आणि डक्टवरचं सगळं साहित्य ए१ किंवा ए२-एस१,डी० वर्गाचं असेल, बदल करायचा तर सोसायटीची लेखी संमती लागेल, आणि प्रत्येक लॉटचा एक शिक्का मारलेला तुकडा सोसायटीच्या ताब्यात राहील. फसाड सल्लागाराचं नाव करारात हवं, आणि बसवलेलं काम मंजूर ड्रॉइंगप्रमाणे आहे असं त्याचं सहीचं पत्र ताबा घ्यायच्या आधी हवं. रेराच्या कलम १४ मध्ये ताब्यापासून ५ वर्षं दोषदुरुस्तीची जबाबदारी बिल्डरवर आहे, पण ती घर विकत घेणाऱ्यासाठी लिहिलेली आहे. जुन्या सभासदाचं नातं करारावर उभं असतं, तेव्हा ते कलम तुमच्या करारात स्वतंत्रपणे घालून घ्या आणि त्यात क्लॅडिंगचं नाव लिहा. तुमच्या पीएमसीला (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटला) हे नवीन वाटलं तर हे उत्तर त्यांना दाखवा.

बाहेरच्या भिंतीइतकंच महत्त्वाचं आतलं एक ठिकाण, इलेक्ट्रिकल डक्ट. आपल्या टॉवरमध्ये धूर वर चढतो तो बहुतेकदा इथून. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी केबलभोवतीची फट व्हर्मिक्युलाइट किंवा आगरोधक मॉर्टारने बंद हवी. ताबा घेताना डक्टची दारं उघडून टॉर्च मारा. खालचा मजला दिसला तर काम झालेलं नाही. परळच्या क्रिस्टल टॉवरला २०१८ मध्ये आग लागून ४ जण गेले, आणि त्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हतं. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय (ओसीशिवाय) ताबा घ्यायचा आग्रह झाला, भाडं थांबवण्याची भाषा झाली, तरी घेऊ नका.

अजून एक गोष्ट, जी टॉवर झाल्यावर आठ-दहा वर्षांनी लागेल. २६ नोव्हेंबर २०२५ ला हाँगकाँगच्या ताय पो भागातल्या वांग फुक कोर्टमध्ये दुरुस्ती चालू असलेल्या इमारतींना आग लागली आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथे आग पसरवली ती कायमच्या भिंतीने नव्हे. ती पसरवली बाहेरच्या परांचीवरच्या (कामासाठी बांधलेल्या मचाणावरच्या) जाळीने आणि खिडक्या झाकायला लावलेल्या फोमच्या बोर्डांनी, म्हणजे तात्पुरत्या साहित्याने. आपल्याकडे रंगकाम निघालं की हिरवी जाळी आणि प्लास्टिकची ताडपत्री महिनोन्‌महिने लटकते आणि खाली वेल्डिंग चालू असतं. जाळी आगरोधक असल्याचा रिपोर्ट मागा, खिडक्यांवर थर्माकोल चिकटवू देऊ नका, आणि वेल्डिंगच्या वेळी पाण्याची पाइप घेऊन माणूस उभा राहील असं ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्येच लिहा.

सध्या एवढं करा. आर्किटेक्टकडून पट्ट्याचा उभा सेक्शन (भिंत उभी कापली तर आत काय दिसेल ते ड्रॉइंग) मागवा, एलिव्हेशनचं चित्र नको. त्यात प्रत्येक स्लॅबपाशी पॅनेलच्या मागच्या पोकळीत काय दाखवलंय ते बघा. आगरोधक अडथळा दाखवलेला नसेल तर त्याबद्दल लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत साहित्याच्या यादीवर सही करू नका.